धावेच्या टोकाला

मी पाण्याला घाबरतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ते लपणार नाही. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मला काठ आठवतो आणि कमरेला लागलं की सगळे देव एकदम आठवायला लागतात. त्यात आईबापांनी नाव ठेवलं मच्छिंद्र. वारूळवाडीत माझं शिलाईचं दुकान आहे. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक या नावावरून एकदा तरी माझी फिरकी घेऊन जातं. मला आता त्याचं काही वाटत नाही, म्हणजे फारसं वाटत नाही.

अशा माणसाला साडू मिळावा तो हौशीराम. माझी बायको पुष्पा, तिची थोरली बहीण शीला, तिचा हा नवरा. ओतूरला त्याची पिठाची गिरणी आहे. आठवडाभर दळण आणि सुट्टीच्या दिवशी गळ, असा त्याचा संसार. सगळे त्याला हौशीभाऊ म्हणतात, मीही म्हणतो. माणूस तसा सोन्यासारखा. पण धरणाचा विषय निघाला की त्याचे डोळे असे चमकायला लागतात की मला लगेच घरी काहीतरी काम निघतं.

त्याचं गाव ओतूरच्या वरच्या अंगाला होतं. धरण झालं, पाणी चढलं, गाव आणि रान दोन्ही खाली गेलं. लोक रडले, कचेऱ्यांमध्ये खेटे घालून दमले, काहींनी अंथरूण धरलं. हौशीभाऊनं जुन्नरच्या बाजारातून गळांचं पाकीट आणलं. “रान माझंच हाय,” तो म्हणायचा. “पयलं गहू पिकायचा, आता मासं पिकत्यात. मी आपला काढणीला जातो.” आणि खरंच, पाण्यावर बोट दाखवून तो सांगायचा की आज गव्हाच्या पट्टीत बसू, कांद्याच्या वाफ्यात नुसत्या चिलाप्या हायेत, खळ्यावर काय खरं न्हाई. मला तिथं सगळीकडं सारखंच पाणी दिसायचं.

या पिकानं मात्र त्याला कधी धड हात दिला नाही. दिवस दिवस उन्हात बसून घरी यायच्या त्या तळहाताएवढ्या चिलाप्या, ज्यांच्यात मांसापेक्षा काटे जास्त. शीलाअक्का त्या शेजारच्या मांजरीला घालायची. गळ आंब्याच्या बुंध्यात अडकायचे, कारण गाव सोडताना झाडं तोडून नेली तरी बुंधे खालीच राहिले होते. मग तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोडावं लागायचं, नवा गळ बांधावा लागायचा, आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या कुणाला तरी मोठा रोहू लागायचा. हौशीभाऊ त्याला हसून शाबासकी द्यायचा आणि रात्री जेवायचा नाही. कणकेत हिंग घालून बघितलं, शेंगपेंड कुजवून बघितली, चपलेच्या रबराचे तरंगे कापले, कल्याणहून कुणाकडून तरी फायबरची काठी आणि चक्री मागवली. चिलापी सोडून कुणी त्या काठीला विचारलं नाही.

एकदाच काय ते मोठं काहीतरी लागलं होतं. काठी कमानीसारखी वाकली, चक्री करकरली आणि तंगूस तटकन तुटलं. मरळ होती, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. काळी, मांडीएवढी. ती आपल्या जुन्या विहिरीत राहते, असा शोधही त्यानंच लावला. “मरळीला दम घ्यायला वर यावं लागतं. मी बघतो ना, ती उसळी मारती ती बरोबर इहिरीवरच,” तो म्हणायचा. “माझ्याच इहिरीत ऱ्हाती आन मलाच घावत न्हाई, राव.”

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, धरण फार खाली गेलं. कालव्याला आवर्तनं सोडून सोडून पाणी आटलं आणि हौशीभाऊच्या रानावर जेमतेम गुडघाभर राहिलं, असं तोच आनंदानं सांगत सुटला. इकडं शीलाअक्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पुष्पाला सांगितलं, पुष्पानं मला.

“दाजी आता काठावर बसत नाहीत. एकलेच आत चालत जातात,” पुष्पा म्हणाली. “तुम्ही जा त्यांच्याबरोबर.”

“मी? आणि काय करू? मला पोहता येत नाही.”

“त्यांना येतं ना. तुम्ही फक्त त्यांना आत जाऊ देऊ नका. अक्काला झोप नाही.”

मे महिना, लग्नसराई. दुकानात ब्लाउजांचा ढीग, मापं घेतलेल्या पोरींच्या आया दारात बसलेल्या. एरवी मी दिवाळीलासुद्धा दुकान बंद ठेवायला तयार नसतो. पण पुष्पाचा चेहरा बघून गुपचूप कुलूप लावलं आणि एसटीनं ओतूर गाठलं. तिथून हौशीभाऊच्या एम-एटीवर मागं बसून धरण.

पाणी हटलेली जमीन मी पहिल्यांदाच बघत होतो. मैल मैल भेगाळलेला गाळ, मेलेल्या शिंपल्या, कुजका वास. मध्येच एक डांबरी रस्ता उघडा पडलेला, तो सरळ जाऊन पाण्यात शिरत होता. घरांची नुसती जोती उरलेली. एका जोत्यापाशी गाडी हळू करून हौशीभाऊ म्हणाला, “हे आमचं.” आणि गाडी पुढं नेली. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला त्या जागेची भीती वाटायला लागली होती. जिथं माणसं जेवली-झोपली ती जागा अशी उघडी बघू नये, असं वाटत होतं.

दुपारभर आम्ही काठावर बसलो. म्हणजे तो बसला आणि मी त्याच्यावर लक्ष ठेवून बसलो. त्याच्या हातात फायबरची काठी, माझ्या हातात त्याचा जुना कळकाचा गळ, गळ्यात दोरीनं अडकवलेला पत्र्याचा डबा. डब्यात दोन बेडक्या, सुटे गळ, ब्लेड. मरळीला जिवंत बेडकी लागते म्हणे. चिलाप्या येत होत्या, तो त्या चिडून परत फेकत होता. ऊन डोक्यात शिरत होतं. मला वाटायला लागलं की आजचा दिवस असाच कंटाळ्यात जाईल, आणि त्या कंटाळ्याचं मला फार समाधान वाटत होतं.

तेवढ्यात दूर, सपाट पाण्याच्या मधोमध, काहीतरी काळं वर आलं आणि खळकन खाली गेलं. मोठी वर्तुळं उमटली.

हौशीभाऊ उभाच राहिला. “बघितलं?”

“न्हाई,” मी म्हणालो. मी बघितलं होतं.

“तीच. इहिरीवर हाय. चल.”

“कुठं चल? हौशीभाऊ, अक्कानं सांगितलंय, आत जायचं न्हाई.”

“आरं पावणं, ते पाणी न्हाई, माझं रान हाय. मी काय तिथं नवा हाय का?” त्यानं पँट मांडीपर्यंत दुमडली. “इहिरीकडं धाव जाती. धाव ठाव हाय ना? मोटेचं बैल ज्यावरून खालीवर चालायचं ती. नुसता मुरूम, दगडासारखी घट्ट. धावेनं चाललं की इहीर बरोबर समोर. आन धाव इहिरीकडं चढती असती, म्हंजी जसं पुढं जाशील तसं पाणी कमीच हुतं. बैल डोळं झाकून जायचं, राव.”

“आन विहीर आली हे कळणार कसं? पाणी तर सगळं गढूळ.”

“धावेच्या टोकाला थारोळं. मोट वतायचं दगडी कुंड. त्याचा दगड पायाला लागला की थांबायचं. तिथं उभं ऱ्हायचं आन गळ टाकायचा. बास.”

हे सगळं त्यानं इतकं सहज सांगितलं की मला विरोधाला जागा सापडेना. पुष्पानं सांगितलं होतं, आत जाऊ देऊ नका. तो तर निघालाच होता. त्याला धरून ठेवायची माझ्यात ताकद नव्हती आणि त्याला एकट्याला जाऊ द्यायची छाती नव्हती. मी चपला काढल्या. कळक काठीसारखा धरला आणि त्याच्या मागं पाण्यात पाय घातला.

पहिल्यांदा गाळ. पाऊल आत जायचं आणि काढताना आतून कुणीतरी धरल्यासारखं व्हायचं. पाणी नडगीला लागलं, गुडघ्याला लागलं, मांडीवर आलं. पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नव्हती. खाली काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळं काही असेल असं समजून चालत होतो. साप, काटे, मेलेलं जनावर. एकदा पायाला मऊ काहीतरी लागलं आणि मी ओरडलो. हौशीभाऊ वळून हसला.

“शेवाळ हाय रं.”

“मागं फिरू, हौशीभाऊ. मी पाया पडतो.”

“आता धाव लागलीच.” आणि खरंच, पायाखाली एकदम घट्ट जमीन आली. मुरूम, बारीक खडे. गाळातून सुटल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं श्वास सोडला. पुढं पाणी उतरत गेलं. मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून नडगीवर. तो म्हणाला होता तसंच घडत होतं. मागं वळून बघितलं तर काठ दूर राहिला होता, गाडी खेळण्याएवढी दिसत होती. पण पाणी उथळ होत होतं ना, म्हणून मी मनाला समजावत होतो की आता काय, नडगीभर पाण्यात कुणी मरत नाही.

हौशीभाऊ चार पावलं पुढं होता. काठी खांद्यावर, नजर समोर, पाऊल असं बिनधास्त की घरच्या अंगणात चालल्यासारखं. डाव्या हातानं दाखवत तो बोलत होता. “हितं चिंच व्हती. हितं बैलांचा गोठा. आता थारोळं आलंच बघ.”

थारोळं. मी मनात तो दगड कसा असेल याचा विचार करत होतो, पाय आपटू नये म्हणून. काळा असेल, लांबट असेल, मोटेच्या पाण्यानं झिजून मध्ये खोलगट झालेला असेल. आणि मला तो दिसलाच. अगदी स्पष्ट दिसला. पाण्यात नाही, ओतूरला, हौशीभाऊच्या मागच्या दारी. शीलाअक्का त्यावर धुणं धुते. गाव सोडलं तेव्हा लोकांनी कड्या-कोयंडे, तुळया, विहिरींच्या कडेचे घडीव दगडसुद्धा काढून नेले. तेव्हा अक्कानं हट्टानं शेवटच्या टेम्पोत तो दगड चढवला होता. चढवायला मी होतो. उतरवायला मी होतो, हौशीभाऊही होता. चौघांनी उचलला होता तो. पण पाण्याखालचं रान हौशीभाऊच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. तिथं चिंच होती, गोठा होता आणि थारोळ्याला दगडही होता.

“हौशीभाऊ!” मी ओरडलो. “दगड तुमच्या घरी हाय!”

मला वाटतं, त्याला ते ऐकू गेलं. त्याची मान वळायला लागली होती. पण पाऊल उचललं होतं ते टेकलं आणि तो गेला. ओरडला नाही, हात वर केले नाहीत. उभा माणूस होता तिथं पाणी झालं.

मी थांबलो. थांबलो म्हणजे माझे पाय थांबले, मी काही ठरवलं नव्हतं. पाण्यावर बुडबुडे आले. फायबरची काठी आडवी तरंगत होती. सगळीकडं तेच मातकट पाणी, इथं नडगीभर आणि चार पावलांवर किती ते कुणाला माहीत. विहीर कुठं सुरू होते हे कळायला काही खूण नव्हती. कड कुठं होती? माझ्यापासून तीन पावलांवर? एकावर? मी कडेवरच तर उभा नव्हतो? मी कळक दोन्ही हातांनी मुरमात रोवून धरला. मला तिथून पळायचं होतं. खरं सांगतो, मला फक्त पळायचं होतं.

तो वर आला. तोंड उघडं, डोळे पांढरे. “जाळं!” एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाली गेला. पट्टीचा पोहणारा, याच विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, आणि तो बुडत होता. पुन्हा वर आला तेव्हा एका हातानं त्यानं काहीतरी पकडलं होतं. विहिरीच्या भिंतीतून पायऱ्यांसाठी बाहेर काढलेले दगड असतात, त्यातला एक. पाणी हनुवटीला लागत होतं.

“पुढं येऊ नगं!” तो ओरडला. “कड ढिली हाय! ये... येऊ नगं मच्छिंदर!”

“पाय कशात अडकलाय?”

“जुनं जाळं हाय. कुणाचं तरी वाहून आलेलं. वडतोय तसं आवळतंय.” त्याला खोकला आला, पाणी तोंडात गेलं. “जा. कुणाला तरी बोलव.”

मी चारी बाजूंना बघितलं. उन्हात कुत्रंही नव्हतं. काठापर्यंत जाऊन गाडी काढून माणूस शोधून आणेपर्यंत त्या दगडावरची बोटं टिकणार नव्हती. हे त्यालाही कळत होतं. मला शीलाअक्काचा चेहरा दिसला, आणि मग तिला हे सांगणारा माझाच चेहरा दिसला. दोन भीत्या होत्या. एक पुढं होती, एक मागं. मागची मोठी ठरली, एवढंच. शौर्याचं त्यात काही नव्हतं.

मी गुडघ्यांवर बसलो आणि लहान पोरासारखा रांगायला लागलो. पाणी पोटाला लागलं, छातीला लागलं. कळक पुढं धरून टोचत टोचत गेलो. मुरूम, मुरूम, मुरूम. मग कळक खाली गेला आणि जातच राहिला. माझा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला आणि तोल जाता जाता राहिला. मी आडवा पडलो, हनुवटी वर काढून. हातानं चाचपलं तर कड लागली, आणि कडेपलीकडचं पाणी गार होतं. वरचं उन्हानं तापलेलं आणि हे असं गार की बोटं दचकून मागं आली. माझ्या तोंडातून कसलातरी आवाज निघत होता. तो रडण्याचा होता हे मला नंतर हौशीभाऊनं सांगितलं.

“डब्यात ब्लेड हाय,” तो म्हणाला. आता तो माझ्यापासून हातभर होता. “पण मला दोनी हात पायजेत. हात सोडला की खाली जातोय.”

“मी धरतो.”

“तुला पवता येतं का?”

“न्हाई.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी डबा उघडला. बेडक्या उड्या मारून सुटल्या. ब्लेड त्याच्या दातात दिलं, त्याची कॉलर मागून दोन्ही हातांनी पकडली, पायाची बोटं मुरमात रोवली. त्यानं दगड सोडला आणि त्याचा सगळा भार माझ्या हातांवर आला.

तो शर्ट मीच शिवला होता. गेल्या दिवाळीत, घाईघाईत. आणि त्या क्षणी मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त एवढंच की कॉलरला मी दुहेरी टीप मारली होती का एकेरी. घरचं गिऱ्हाईक म्हणून एकेरी मारली असेल. नक्की एकेरीच मारली असेल. तो वाकून पाण्याखाली जायचा, जाळ्याचे धागे कापायचा, श्वासाला वर यायचा, परत जायचा. प्रत्येक वेळी माझ्या छातीखालची माती थोडी थोडी सुटून खाली जात होती. ती पोटाला जाणवत होती. मी मोठ्यानं बोलत होतो, त्याच्याशी नाही, शिलाईशी. थांब, थांब, उसवू नको, थांब.

मग विहिरीत काहीतरी मोठं हललं. पाणी आतून ढवळून वर आलं, माझ्या तोंडावर आदळलं. हौशीभाऊ दचकला, त्याचा झटका माझ्या हातांना बसला आणि मी वीतभर पुढं घसरलो. माझं तोंड पाण्याखाली गेलं. गार, काळं, नाकात माती. तिथं आवाज नव्हता. मी डोळे उघडले होते आणि काहीच दिसत नव्हतं, आणि मला वाटलं, मरणं म्हणजे हे असं असतं तर. पण बोटं मी सोडली नाहीत. सोडायची कशी हेच ती बोटं विसरली होती.

पुन्हा हवा लागली तेव्हा तो कडेवर छातीपर्यंत चढला होता आणि उलट मलाच मागं ढकलत होता. पाय सुटला होता. आम्ही दोघंही रांगत, एकमेकांचे कपडे धरून, त्या धावेवरून मागं आलो. गाळ लागला तरी उभे राहिलो नाही.

काठावर तो पालथा पडून पाणी ओकला. पायाला जाळ्याचे वळ उठले होते, ब्लेडनं बोटं कापली होती. मी शेजारी बसलो होतो आणि दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात. मग तो उताणा झाला, आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक मला दिसली.

“मरळच व्हती, मच्छिंदर,” तो म्हणाला. “मांडीला घासून गेली. एवढी.” आणि त्यानं रक्ताळलेले दोन्ही हात पसरून दाखवले.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस, साडू, आणि मी आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. “तुला लाज न्हाई वाटत?” मी ओरडलो. अरेतुरेही पहिल्यांदाच. “तू मेला असतास! मी मेलो असतो! एवढी म्हणे!”

तो गाल धरून बसला. मला वाटलं, आता उठून मारेल. पण त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. गाव गेलं तेव्हा तो रडला नव्हता, असं शीलाअक्का सांगते. मला तिथं बसून राहवलं नाही. मी त्याला जवळ घेतलं आणि आम्ही दोघंही तसेच ओले बसलो.

जाताना मासेमारीच्या ठेकेदाराच्या राखणदाराला ती जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यानं होडीतून जाऊन विहिरीभोवती बांबू रोवले आणि लाल फडकी बांधली. घरी मी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, थप्पड सोडून. ती हौशीभाऊनंच सांगितली. शीलाअक्कानं त्याच्या बोटांना हळद लावली, आत गेली, आणि बराच वेळ आतून भांड्यांचाही आवाज आला नाही. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढं पाऊस आला, धरण भरलं. हौशीभाऊनं गळाला हात लावला नाही. मी निर्धास्त झालो. मग एका संध्याकाळी दुकानातल्या फोनवर शीलाअक्का.

“मच्छिंद्रराव, येत्या सुट्टीला या. ह्यांना धरणावर घेऊन जा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “अक्का, तुमीच म्हणता?”

“मीच म्हणती. गिरणीवर बसत्यात आन पट्ट्याकडं बघत ऱ्हात्यात. दळण जळतं, तरी कळत न्हाई. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. असं घरात बसून माणूस जायचं, तर काय उपेग. पण एकलं न्हाई सोडायचं. तुमी पायजे. दुसरं कुणी न्हाई.”

मी सांगायला हवं होतं की मला अजून रात्री ते गार पाणी बोटांना लागतं. अंघोळीची बादलीसुद्धा मी आधी तळ दिसतो का ते बघून घेतो. पण ती कुणापुढं रडणारी बाई नाही आणि फोनवर तिचा आवाज फाटला होता. मी येतो म्हणालो.

तेव्हापासून मी जातो. प्रत्येक सुट्टीला, लग्नसराई असो, दिवाळी असो. मासे मला आवडत नाहीत, गळ मी हातात धरत नाही. नारायणगावच्या बाजारातून मी जाड सुती दोर आणला. त्याचं एक टोक हौशीभाऊच्या कमरेला, दुसरं माझ्या कमरेला, आणि मी मागं एका खडकाला टाच लावून बसतो. काठावरचे बाकीचे लोक हसून हसून बेजार होतात. कुणी विचारतं, बैल चारायला आणलाय का. कुणी म्हणतं, दावणीचा खुंटा बरा शोधला. हौशीभाऊ त्यांच्याकडं बघत नाही. त्याचं लक्ष पाण्यावर असतं, रबराच्या तरंग्यावर. तरंगा हलतो, त्याची पाठ ताठ होते, तो नकळत अर्धा उठतो आणि पाऊल पुढं टाकतो.

“दोर ढिला सोड जरा,” तो मागं न बघता म्हणतो.

मी सोडत नाही.